आठ लिटर

तराजू सुनेचा, केकचं पीठ मोजायचा.
पाच किलोच्या वर गेलं की रुसतो, आकडाच दाखवत नाही.
म्हणून सामान मी तुकड्यातुकड्यांनी चढवतो त्याच्यावर.
स्लीपिंग बॅग एक किलो शंभर.
जुन्या बाजारात मिळालेल्या दोन लष्करी बाटल्या.
दशम्या, मेतकूट, खजूर, मिठाची पुडी,
युनूसच्या गुडघ्याचा पट्टा.
पाणी शेवटी.

पाणी मोजावं लागत नाही.
लिटरला किलो. एवढं तरी गणित सरळ आहे जगात.

सहकारनगरच्या या फरशीवर
जैसलमेरच्या पश्चिमेचा नकाशा पसरलाय,
चार कोपऱ्यांवर चार वाट्या.
पिवळ्यावर ठिपके, ठिपक्यांना लागून ठिपके,
आणि मधेच एखादा निळा, टाचणीच्या डोक्याएवढा:
विहीर.
सहा दिवस. माणशी रोज चार लिटर.
म्हणजे चोवीस किलो नुसतं पाणीच,
साठीनंतरच्या पाठीला हे कोण सांगणार?
आठ घ्यायचे. दोन दिवसांचे.
दुसऱ्या संध्याकाळी पहिला निळा ठिपका,
चौथ्या संध्याकाळी दुसरा.
मधे काही नाही.
मधे काही नाही, हे वहीत दोनदा लिहिलं गेलंय.

तीस वर्षं मी या भागाची चावी फिरवली.
पहाटे साडेतीनला, खांद्यावर लोखंडी दांडा;
कुत्री ओळखायची, भुंकायची नाहीत.
चौदा आटे, की तळमजल्यांना पाणी.
बावीस आटे, की टेकडीवरच्यांना.
जमिनीखालून ते निघालं की तळपायाला कळायचं,
बारीक गुरगुर,
कुशीत मांजर घेतल्यासारखी.
लोक हात जोडायचे, शिव्याही तेच द्यायचे.
एका बाईंनी दिवाळीला चकल्या दिल्या
आणि मेमध्ये बादली फेकून मारली.
ऐन जेवणावर फोन: आज पाणी येणार का?
मी म्हणायचो, येईल.
धरणात किती आहे ते मला कुठे माहीत असायचं?

कुंदा विचारते,
जन्मभर पाणी पाणी केलंत,
आता जिथे ते नाहीच, तिथे काय बघायचंय?
मी दशम्या पुन्हा मोजतो.

युनूस बागवान म्हणतो, अर्धं उरलं असताना परत फिरायचं.
आणि हे पुण्यातच ठरवायचं. तिथे तहान ठरवते.
खात्यात तो मीटर वाचायचा, त्याचा आकड्यांवर विश्वास.
मी लिहितो: अर्धं म्हणजे परत.
त्याची सही घेतो. तो माझी घेतो.

रोज सकाळी आम्ही तळजाई चढतो,
पाठीवर आठ-आठ लिटर.
फिरायला आलेले विचारतात, काय विकताय काका?
वर पोचलं की युनूस म्हणतो,
ओत आता, उतरताना गुडघे जातील.
तो ओततो, करंजाच्या बुंध्याशी, सगळं.
माझा हात होत नाही.
आठ नेतो, आठ परत आणतो,
आणि घरी येऊन झाकणं तपासतो.
हे एकच ओझं
रोज हलकं होत जाणारं,
आणि हलकं झालं की भीती घालणारं.

काल दुसऱ्या ठिपक्याजवळच्या ढाणीत फोन लागला.
हाकम खान. मागे शेळ्या, वारा,
कुणीतरी वाळूने भांडी घासतंय.
त्याची हिंदी वेगळी, माझी वेगळी.
मी विचारलं, विहिरीला पाणी आहे का?
विचारलं आणि गप्प झालो.
हा आवाज मी ओळखत होतो,
तीस वर्षं ऐकलेला,
तारेच्या पलीकडच्या टोकाचा.

तो जरा थांबला.
म्हणाला, येणाऱ्यापुरतं असतं.

किती, ते विचारायचं राहिलं.
वहीतल्या त्या रकान्यात काय लिहावं कळेना,
म्हणून त्याचं नाव लिहिलं.
नकाशा गुंडाळता गुंडाळता उजाडायला आलं.
आत नळ खाकरला, आधी हवा, मग थेंब.
कुंदा उठायच्या आत
मी बादली लावली.